पुसेगावच्या यात्रेत सहकुटुंब एक दिवस : प्रथमच जाणाऱ्यांसाठी मार्गदर्शक

सातारा जिल्ह्याच्या खटाव तालुक्यात, सातारा–पंढरपूर रस्त्यावर, येरळा नदीच्या काठी पुसेगाव वसले आहे. मार्गशीर्ष सरत आला की येथे श्री सेवागिरी महाराजांची यात्रा भरते. रथोत्सव, कुस्त्या, बैलगाडी शर्यती, पाळणे, मिठाईची दुकाने हे सारे या यात्रेत असतेच. पण तिचा कणा आहे तो खिलार या देशी जातीच्या जनावरांचा बाजार आणि त्याच्या जोडीने भरणारे कृषी प्रदर्शन. खटाव आणि शेजारचा माण हा पर्जन्यछायेचा मुलूख आहे. पाऊस हुलकावणी देतो त्या वर्षी दावणीची जनावरेच येथील घराला तारून नेतात, म्हणून येथे बैलाकडे पाहण्याची नजर पिढ्यान्‌पिढ्या घडत आली आहे.

शहरातल्या मुलांना शेती दाखवण्यासाठी आता कृषी पर्यटन केंद्रे पुष्कळ झाली आहेत आणि ती चांगलीही असतात, परंतु तेथे शेती पाहुण्यांसाठी मांडून ठेवलेली असते. यात्रेत शेतकरी स्वतःच्या कामासाठी आलेला असतो. त्याला बैल विकायचा असतो, नवा खोंड घ्यायचा असतो, ठिबकच्या नळ्यांचा भाव काढायचा असतो. आपण त्याच्या कामाच्या जागी जात आहोत हे ध्यानात ठेवून दिवस आखला, तर एरवी कोठे पाहायला न मिळणाऱ्या गोष्टी जवळून पाहता येतात आणि माणसे आपणहून समजावून सांगतात. पुढील सर्व सूचना याच दृष्टीने दिल्या आहेत.

पहिली पायरी : दिवस ठरवणे

यात्रा सुमारे दहा दिवस चालते आणि इंग्रजी कालगणनेप्रमाणे ती डिसेंबरच्या उत्तरार्धात किंवा जानेवारीच्या पूर्वार्धात येते. तिथीवर चालणारी यात्रा असल्याने तारखा दरवर्षी बदलतात. श्री सेवागिरी महाराज देवस्थान ट्रस्ट यात्रेपूर्वी कार्यक्रमपत्रिका जाहीर करते, ती पाहिल्याशिवाय निघू नये. कारण रथोत्सव, कुस्त्या, शर्यती, जनावरांची निवड आणि कृषी प्रदर्शन यांचे दिवस वेगवेगळे असतात आणि चुकीच्या दिवशी गेल्यास ज्यासाठी आलो तेच पाहायचे राहून जाते.

रथोत्सवाच्या दिवशी लाखो भाविक लोटतात. भाविक रथाला नोटांच्या माळा अर्पण करतात आणि दिवस चढेल तसतसा रथ नोटांनी मढून जातो. हे दृश्य पाहण्याजोगे आहे यात शंका नाही, पण कडेवरचे मूल किंवा गुडघे दुखणारे आजी-आजोबा बरोबर असतील तर तो दिवस टाळावा, असे माझे स्पष्ट मत आहे. त्या दिवशी वाहने गावाबाहेर लांब थांबवावी लागतात, रस्त्यात पाय ठेवायला जागा नसते आणि जनावरांच्या बाजारापर्यंत पोहोचण्यातच निम्मा दिवस जातो. जनावरांचा बाजार भरलेला आहे पण रथ नाही, असा आठवड्यातला कामाचा दिवस सहकुटुंब जाणाऱ्यांना सर्वांत सोयीचा. मुलांची एक दिवसाची शाळा बुडाली तरी हरकत नाही.

निघण्याच्या आदल्या आठवड्यात आणखी एक चौकशी करावी. जनावरांत साथ असेल तर प्रशासन बाजार बंद ठेवते. २०२२ मध्ये लम्पी त्वचारोगाच्या साथीमुळे राज्यभर जनावरांचे बाजार आणि यात्रांमधील जनावरांची खरेदी-विक्री थांबवण्यात आली होती. अशा वर्षी यात्रा भरते, पण ज्यासाठी एवढ्या लांबून जायचे ती दावणच, म्हणजे जनावरे बांधायची रांगच, रिकामी असते.

ज्यांना पुसेगाव दूर पडते त्यांनी आपल्या भागातील यात्रा निवडावी. सांगली जिल्ह्यात आटपाडी तालुक्यातील खरसुंडीला सिद्धनाथाच्या यात्रेत खिलार जनावरेच येतात. नांदेड जिल्ह्यात लोहा तालुक्यातील माळेगावची खंडोबाची यात्रा जनावरांच्या बाजारासाठी ख्यातनाम आहे. नंदुरबार जिल्ह्यातील सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या सुमारास घोड्यांचा बाजार भरतो. पुढील सूचना थोड्याफार फरकाने तेथेही लागू पडतील.

दुसरी पायरी : प्रवास

पुण्याहून सातारा सुमारे ११० किलोमीटर आणि साताऱ्याहून कोरेगावमार्गे पुसेगाव पस्तीसेक किलोमीटर आहे. वाटेत वर्धनगडाचा घाट लागतो. रेल्वेने येणाऱ्यांसाठी पुणे–मिरज मार्गावरील कोरेगाव हे जवळचे स्थानक आहे. साताऱ्याहून वडूज, दहिवडी आणि पंढरपूरकडे जाणाऱ्या एसटी गाड्या पुसेगाववरून जातात, आणि यात्राकाळात जादा गाड्याही सोडल्या जातात.

घरची गाडी असली तरी साताऱ्यापासून पुढे एसटीनेच जावे असे मी सुचवेन. वाहनतळ शोधणे, संध्याकाळी त्या गर्दीतून गाडी बाहेर काढणे, यांत जाणारा वेळ वाचतो. शिवाय एसटीत महिलांना तिकीट निम्मे आहे, ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना प्रवास विनामूल्य आहे आणि पाच ते बारा वर्षांच्या मुलांना अर्धे तिकीट पडते. ज्येष्ठांच्या वयाचा पुरावा जवळ ठेवावा. खरी कमाई मात्र वेगळीच आहे : यात्रेकडे निघालेल्या एसटीत शेजारी बसलेला माणूस बहुधा बाजारालाच निघालेला असतो आणि त्याच्याशी झालेल्या अर्ध्या तासाच्या बोलण्यात त्या वर्षी बाजार कसा आहे, दावण कोठून सुरू होते, कोणाचा वळू पाहायलाच हवा, हे सारे कळून जाते.

सकाळी आठच्या आत पोहोचता येईल असे निघावे. पुणे-मुंबईकडच्या कुटुंबांनी आदल्या रात्री साताऱ्यात मुक्काम करणे चांगले.

तिसरी पायरी : बरोबर काय घ्यावे

या दिवसांत खटावात पहाटे कडाक्याची थंडी असते आणि दुपारी ऊन चटकते, म्हणून काढता-घालता येतील असे कपडे असावेत. पाय पूर्ण झाकणारे बूट सर्वांनी घालावेत. शेण, गोमूत्र, कडब्याची धसकटे आणि जनावराचा खूर या चारही गोष्टींसाठी ते आवश्यक आहेत. बाजारतळावर धूळ फार उडते, त्यामुळे दम्याचा त्रास असणाऱ्यांनी तोंडाला बांधायला रुमाल आणि आपली औषधे घ्यावीत. माणशी पिण्याच्या पाण्याची एक मोठी बाटली, साबण, हात पुसायला पंचा आणि एक-दोन कापडी पिशव्या घेतल्या की झाले.

रोख पैसे अवश्य न्यावेत, तेही दहा, वीस आणि पन्नासच्या नोटांत. गर्दीच्या वेळी मोबाइलचे जाळे कोलमडते आणि समोर क्यूआर कोड लावलेला असूनही पैसे जात नाहीत. लाल छत्री, फडफडणारी ओढणी किंवा फुगा घेऊन दावणीत जाऊ नये. बैल लाल रंगाला बुजतो असे सर्रास म्हटले जाते, परंतु तो बुजतो ते रंगाला नव्हे, डोळ्यांसमोर अचानक हलणाऱ्या वस्तूला.

चौथी पायरी : जनावरांचा बाजार

पोहोचताच प्रथम येथेच जावे. सकाळी आठ ते दहा ही दावणीची सर्वांत देखणी वेळ असते. मालकांनी जनावरे धुऊन, खरारा करून उभी केलेली असतात, वैरण टाकलेली असते आणि गिऱ्हाईक फिरू लागलेले असते. दुपारी बाराच्या पुढे जनावरे सावलीला बसून रवंथ करतात, मालक जेवतात, आणि नव्या माणसाला पाहण्याजोगे फारसे उरत नाही.

आधी कडेने एक फेरी मारून नुसते पाहावे. खिलार ओळखणे कठीण नाही. अंग उंच, लांबट आणि सडसडीत. रंग पांढरा किंवा राखी, बैलाच्या मानेवर आणि वशिंडावर राखी झाक अधिक गडद. चेहरा लांब आणि निमुळता, कपाळाच्या मधोमध उभी खाच. आणि शिंगे कपाळावरून एकमेकांलगत निघून मागे झुकत धनुष्याच्या बाकाने वर चढलेली, टोकाला अणकुचीदार. ही गाय दूध बेताचेच देते, या जातीची ख्याती आहे ती ओढकामाची, चालण्याच्या वेगाची आणि ऊन-दुष्काळ सोसण्याची. ट्रॅक्टर आल्यापासून नांगराला बैल लागेनासा झाला. तरीही सोलापूर, सांगली, सातारा या जिल्ह्यांतील घराघरांत ही जात निगुतीने सांभाळली जाते, त्यामागे शर्यतीची हौस जशी आहे तशीच दाराशी बैल असण्याची मायाही आहे.

मुलांना सर्वाधिक रस वाटतो तो दात पाहण्यात. गिऱ्हाईक आले की मालक एका हाताने वेसण धरतो, दुसऱ्या हाताने खालचा ओठ खाली ओढतो आणि क्षणभरात वय दाखवून ओठ सोडून देतो. गाईगुरांना वरच्या जबड्यात पुढचे दात नसतातच, तेथे टणक हिरडी असते. खालच्या जबड्यात आठ दात असतात. दुधाचे दात पडून पक्के दात जोडी-जोडीने येतात. पक्का दात नसलेले जनावर म्हणजे आदत. सुमारे दोन ते अडीच वर्षांचे होताना पहिली जोडी येते, तो दुसा; तीन वर्षांच्या आसपास दुसरी आली की चौसा; पुढे सहादाती आणि चार-साडेचार वर्षांच्या सुमारास आठही दात आले की जुळलेला. जन्मदाखल्याविना वय सांगणारी ही रीत एकदा समजली की मुले प्रत्येक दावणीपुढे थांबून अंदाज बांधू लागतात. अंदाज खरा की खोटा हे मालकालाच विचारावे. बहुतेक जण कौतुकाने ओठ उघडून दाखवतात, फक्त त्याच वेळी समोर खरे गिऱ्हाईक उभे नाही ना, हे आधी पाहून घ्यावे.

जाणते गिऱ्हाईक दातांवर थांबत नाही. ते बैलाला दहा पावले चालवून पाहते, खूर काळे आणि घट्ट आहेत का ते तपासते, पाठीवरून हात फिरवून कातडी सैल, मऊ आहे का ते बघते. अंगावरचे केसांचे भोवरे कोठे आहेत आणि गोम, म्हणजे केसांची वळलेली रेघ, आहे का, हेही पाहिले जाते. त्यावरून शुभाशुभ ठरवण्याची समजूत जुनी आहे आणि तिचा किमतीवर आजही परिणाम होतो. जोडी घ्यायची असेल तर उंची, रंग, शिंगांचा बाक आणि चाल अशा चारही गोष्टी जुळाव्या लागतात. कानातील पिवळ्या बिल्ल्यावरील बारा अंकी क्रमांक मुलांना वाचायला लावावा. जनावराची शासकीय नोंद, त्याचे लसीकरण आणि मालकी या क्रमांकाशी जोडलेली असते.

सौदा पाहायला मिळाला तर भाग्य समजावे. विकणारा आणि घेणारा, किंवा त्यांच्या वतीने दलाल, समोरासमोर उभे राहतात, हातांवर उपरणे किंवा टॉवेल टाकतात आणि त्याखाली एकमेकांची बोटे धरून किंमत सांगतात. चेहरे निर्विकार असतात. अधूनमधून एखादा मान हलवतो, हात सोडवतो, दोन पावले निघून जातो, मग मध्यस्थ त्याला दंडाला धरून परत आणतो. भोवती जमलेल्यांना किंमत कळू नये, म्हणजे पुढच्या सौद्यावर तिचा भार पडत नाही, हे या पद्धतीमागचे व्यवहारज्ञान. जमले की विसार, म्हणजे आगाऊ रक्कम, दिला जातो आणि बाजाराची पावती होते. सौदा चालू असताना जवळ जाऊन मोबाइल रोखणे, मोठ्याने प्रश्न विचारणे किंवा मुलांना मध्ये घुसू देणे अगदी गैर आहे. त्या कापडाखाली एखाद्या घराची वर्षभराची कमाई ठरत असते. दहा हात अंतरावर उभे राहून पाहावे आणि सौदा आटोपल्यावर, राजीखुशीने झाला असेल तर, विचारावे.

आता सुरक्षिततेच्या काही गोष्टी, आणि त्यांत कोठेही सूट घेऊ नये.

खिलार तल्लख आणि तापट असतो. परक्या माणसाला तो सहजी जवळ करीत नाही. मालकाची परवानगी घेतल्याशिवाय कोणत्याही जनावराला हात लावू नये. परवानगी मिळाली तर त्याला दिसेल अशा बेताने, समोरून किंचित बाजूने, बोलत-बोलत खांद्याकडे जावे आणि मानेखालची पोळी, म्हणजे लोंबती कातडी, हळुवार खाजवावी. कपाळाला आणि शिंगांना हात लावू नये, तो त्याला झुंजीचा इशारा वाटतो. मागच्या बाजूने तर कधीच जाऊ नये, कारण जनावराला नेमके पाठीमागचे दिसत नाही. घोडा मागे लाथ मारतो हे सर्वांना ठाऊक असते, पण गाय-बैल बाजूलाही लाथ झाडतात, हे नवख्यांना माहीत नसते. दोन जनावरांच्या मधून वाट काढू नये. जमिनीवर पडलेले दावे ओलांडून जाऊ नये, वळसा घालावा. जनावराने हिसका दिला तर त्यात पाय अडकतो. गाय-वासरू एकत्र असतील तर वासराकडे जाण्याआधी मालकाला दोनदा विचारावे.

काही खाऊ घालण्याचा मोह मुलांना आवरत नाही, पण तो आवरायलाच हवा. पोळ्या, बिस्किटे, पाव, गूळ असे पदार्थ दिवसभरात पन्नास माणसांनी थोडे-थोडे घातले तरी जनावराच्या पोटात आम्लता वाढून ते आजारी पडते. प्लास्टिकची पिशवी दावणीजवळ टाकणे हा तर अपराधच आहे, ती पोटात जाऊन अडकते आणि शेवटी शस्त्रक्रियाच करावी लागते. घालायचेच असेल तर मालकाच्या हातची वैरण, मालकाच्या देखत.

बाजारातून बाहेर पडताना सर्वांनी साबणाने हात धुवावेत. मुलांनी हात धुतल्याशिवाय तोंडात काही घालू नये, आणि धारोष्ण दुधाचे कोणी कितीही कौतुक केले तरी न उकळलेले दूध पिऊ नये. सांसर्गिक गर्भपातासारखे (ब्रुसेलोसिस) जनावरांचे आजार कच्च्या दुधातून माणसांना होतात.

पाचवी पायरी : कृषी प्रदर्शन

उन्हे तापली की मंडपात जावे. येथे अवजारे, ठिबक आणि तुषार सिंचनाचे संच, बियाणे, खते, रोपवाटिका, दुग्धव्यवसायाची यंत्रे असे सर्व काही मांडलेले असते. ज्यांना शेती नाही अशी कुटुंबे येथून पंधरा मिनिटांत बाहेर पडतात, कारण काय विचारावे ते त्यांना उमजत नाही. त्यासाठी आधीच एखादे पीक ठरवून घ्यावे. समजा घेवडा घेतला. तो कधी पेरतात, पाणी किती लागते, कीड कोणती पडते, शेतकऱ्याला किलोमागे काय मिळते आणि आपण दुकानात काय मोजतो, एवढे पाच प्रश्न मुलांना वहीत लिहून द्यावेत आणि मंडपात भेटणाऱ्या निरनिराळ्या माणसांना ते विचारू द्यावेत. घेवड्याचे नाव मुद्दाम घेतले. शेजारच्या कोरेगाव तालुक्यातील वाघ्या घेवड्याला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे आणि त्याच्या दाण्यावरील तांबडे पट्टे मुलांच्या लक्षात राहतात.

विक्रेत्यांपेक्षा शेतकऱ्यांशी बोलण्यात अधिक वेळ घालवावा. अवजाराजवळ उभा असलेला, ते हाताने हलवून पाहणारा, दांडा वाकवून बघणारा माणूस हा खरा जाणकार. त्याला आदराने, “दादा, हे कशासाठी वापरतात?” एवढे विचारले तरी पुरते. वडीलधाऱ्यांना “काका”, “आबा”, स्त्रियांना “ताई”, “मावशी” म्हणावे. “तुमच्याकडे यंदा पाऊस कसा झाला?” या प्रश्नाने खटाव-माणातले कोणतेही संभाषण सुरू होऊ शकते. भाव, कर्ज, उत्पन्न यांविषयीचे प्रश्न मात्र त्यांनी स्वतःहून विषय काढल्याशिवाय विचारू नयेत.

गच्चीत किंवा अंगणात भाजी लावणाऱ्यांनी बियाणे घेताना पाकिटावरील लेबल पाहावे. निळे लेबल म्हणजे प्रमाणित बियाणे, हिरवट म्हणजे उत्पादकाने स्वतःच्या जबाबदारीवर सत्यप्रत म्हणून दिलेले. उगवणक्षमता आणि वापराची अंतिम तारीख त्यावर छापलेली असते. ती नसेल तर पाकीट परत ठेवावे. संकरित वाणाचे बी राखून पुढल्या वर्षी लावले तर तसेच पीक येत नाही. बी राखायची हौस असेल त्यांनी सरळ वाण किंवा देशी वाण मागावा. फळझाड घ्यायचे तर कलमाचा जोड बोटांनी हलकेच दाबून तो घट्ट भरलेला आहे ना ते पाहावे, आणि गाडीत जागा असेल तरच घ्यावे; उघड्या खिडकीच्या वाऱ्यात कोवळी पालवी तीन तासांत सुकते.

सहावी पायरी : जेवण आणि खरेदी

बचत गटांच्या स्त्रिया जेथे चुलीवर भाकरी थापत असतील तेथे जेवावे. बाजरीची किंवा ज्वारीची गरम भाकरी, पिठले, खरडा, कांदा, वर दही, एवढ्या जेवणात दिवस निघतो. खरडा तिखटजाळ असतो, म्हणून मुलांच्या ताटात तो वेगळा वाढायला सांगावा. साडेअकरा-बाराला बसले तर जागा मिळते. दीडनंतर रांग लागते. कापून उघडी ठेवलेली फळे आणि रंगीत बर्फाचे गोळे टाळावेत. उसाचा रस घ्यायचा झाल्यास बर्फाशिवाय मागावा.

खरेदीसाठी गूळ, काकवी, हळद, कडधान्ये, घोंगडी आणि बैलाचा साज ही येथील सर्वांत सार्थ खरेदी. गूळ गडद तपकिरी रंगाचा घ्यावा. फार पिवळाधमक गूळ बहुतेक वेळा रसायनाने उजळलेला असतो. साजाच्या दुकानांत घटकाभर थांबावे : घुंगरमाळा, कंडे, गोंडे, झुली, शिंगांच्या टोकांना बसवायच्या पितळी शेंब्या, रंगीबेरंगी म्होरक्या आणि कासरे तेथे टांगलेले असतात. एखादी घुंगरमाळ घराच्या दारासाठीही घेता येते. मात्र शेतकरी घेतो त्याच भावाने ती मिळेल, असा आग्रह धरू नये, आणि दहा-वीस रुपयांसाठी घासाघीसही करू नये. जत्रेचा खाऊ म्हणून भेंडबत्तासे, रेवड्या, फुटाणे आणि गरम जिलेबी आहेच.

सातवी पायरी : पाळणे, कुस्त्या आणि शर्यती

पाळण्यात मुलांना बसवण्यापूर्वी एक पूर्ण फेरी खाली उभे राहून पाहावी. बसणाऱ्यांपुढची दांडी नीट अडकते का, चालवणारा प्रत्येक पाळण्याची कडी स्वतः तपासतो का, एवढे दिसले तरच तिकीट काढावे.

कुस्त्यांचे मैदान सहकुटुंब पाहण्याजोगे आहे. हलगी वाजू लागली की मुले खिळून जातात. बैलगाडी शर्यतींवर सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या निकालानंतर बंदी होती. डिसेंबर २०२१ मध्ये न्यायालयाने त्यांना सशर्त परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने शर्यतींना मुभा देणारा राज्याचा कायदा वैध ठरवला. आता त्या जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीने होतात आणि चाबूक, काठी किंवा विजेचा झटका वापरण्यास मनाई आहे. असे असले तरी, दहा वर्षांखालील मुले बरोबर असतील तर शर्यतीच्या मैदानावर जाऊ नये, असे मी आग्रहाने सांगेन. छकडा, म्हणजे शर्यतीची हलकी गाडी, सुटला की बैल वाट सोडून प्रेक्षकांत शिरण्याचा धोका असतो आणि अशा वेळी लहान मुलाला घेऊन पळणे शक्य होत नाही. मोठ्यांनीही कठड्यामागेच, शक्यतो उंचावर उभे राहावे.

हरवणे आणि सापडणे

यात्रेत शिरताच, मुले ताजीतवानी असताना, भेटण्याची एक जागा ठरवावी. ती दुकान असू नये, कारण गर्दीत सगळी दुकाने सारखीच दिसतात. मंदिराची कमान किंवा पोलीस मदत केंद्र ठरवावे आणि मुलांना तेथे प्रत्यक्ष नेऊन दाखवावे. प्रत्येक मुलाच्या खिशात मोबाइल क्रमांक लिहिलेली चिठ्ठी असावी, फार लहान मुलाच्या दंडावर तो पेनाने लिहावा. हरवल्यास पळत सुटायचे नाही, जागीच थांबायचे आणि मुले बरोबर असलेल्या एखाद्या बाईला किंवा गणवेशातील पोलिसाला सांगायचे, हे निघण्यापूर्वी घरीच बोलून घ्यावे. ध्वनिक्षेपकावरून नाव पुकारण्याची सोय यात्रेत असते. आपत्कालीन मदतीसाठी ११२ आणि बालकांसाठी १०९८ हे क्रमांक आहेत. म्हाताऱ्या माणसांच्या बाबतीतही हीच काळजी घ्यावी; यात्रेत हरवतात त्यांत मुलांइतकेच आजी-आजोबाही असतात.

परतीचा प्रवास

दुपारी साडेतीन-चारला निघणे उत्तम. पाचनंतर आसपासच्या गावांतून संध्याकाळच्या यात्रेला माणसे येऊ लागतात आणि बसस्थानकावर उभे राहणे कठीण होते. मुक्कामाची सवड असेल तर दुसऱ्या दिवशी औंधला जावे : यमाईचे मंदिर आणि राजा रविवर्मा यांच्या चित्रांसह औंध संस्थानचा कलासंग्रह जपणारे श्री भवानी संग्रहालय तेथे आहे. धडधाकट पायांच्या मंडळींना वर्धनगड वाटेवरच लागतो.

ज्यांच्या गावी घरची गुरे आहेत, त्यांनी यात्रेतले बूट आणि कपडे तसेच घालून गोठ्यात जाऊ नये. शेकडो गावची जनावरे एकत्र आलेल्या तळावरील शेण आणि माती बुटांना लागलेली असते, तिच्यातून लाळ्या-खुरकुतासारखी साथ दुसऱ्या गोठ्यात पोहोचू शकते. बुटांचे तळवे घासून धुवावेत, कपडे गरम पाण्यात भिजत घालावेत आणि आंघोळ झाल्यावरच गोठ्यात पाऊल ठेवावे.